कळसूबाई दाव्यात लिहा



शनिवारी रात्री बारीतून वर बघितलं तर कळसूबाईवर बॅटऱ्यांची रांग दिसते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर म्हणून शहरातली पोरं चढतात. चढू द्या, त्यांच्याशी आपलं भांडण नाही (चहा-पिठल्याचे चार पैसेही मिळतात). भांडण आपलं आपल्याशीच आहे. वनहक्काचे दावे भरताना आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नागली-वरईचं वावर तेवढं लिहिलं आणि डोंगर सोडून दिला. म्हातारी माणसं म्हणाली, "देवीचा डोंगर, तो कुणाच्या नावावर कसा मागायचा?"

बरोबरच आहे त्यांचं. नावावर मागायचाच नाही. २००६ च्या कायद्यातला सामूहिक हक्क एकट्याचा नसतो, ग्रामसभेचा असतो. तो विकता येत नाही. आणि १९८६ ला अभयारण्य झालं म्हणून हक्क संपला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हा कायदा अभयारण्यातही लागू आहे.

पुरावा कुठून आणायचा, असं वाडीवाडीवर विचारतात. अहो, कुडाला कारवी कुठून आणता? हिरडा कुठं गोळा करता? पहिल्या पावसात कोळूची भाजी कुठं खुडता, गुरं कुठल्या माळावर जातात, उन्हाळ्यात कुठल्या झऱ्यावर हंडे लागतात? चराई, पाणी, रानभाजी, देवाच्या जागा हे सगळं नियमांत पुरावा म्हणून धरलंय. म्हाताऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालतं. कळसूची गोष्ट आजीकडून ऐकली असेलच. कोळ्याच्या घरी राहिली, एक दिवस भांडी घासायला लावली, ती घासून डोंगरावर गेली आणि परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. हे नाव काही सरकारनं ठेवलेलं नाही.

आमच्यातलेच काही म्हणतात, आधी वावराचा कागद हातात पडू द्या, डोंगराचं मग बघू. आम्हाला हे पटत नाही. दोन एकर मिळालं आणि गुरांची वाट बंद झाली, तर त्या दोन एकरात औत कशानं हाकणार?

तेव्हा ग्रामसभा बोलवा. निम्मी माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात, नाहीतर ठराव टिकत नाही. तसंही रानातलं पाणी-लाकूड बायांनाच जास्त ठाऊक. पलीकडच्या अंगाला इगतपुरी तालुका लागतो, तिकडच्या वाड्याही हाच डोंगर वापरतात. शीव त्यांच्यासोबत फिरूनच ठरवा, मागून तंटा नको. आणि नकाशा काढायला बसाल तेव्हा वरून सुरू करा, देवळापासून.