पहिल्या घराला दहाव्या घराचा दर

पुण्यात राहायला पहिलं घर घेणारं जोडपं आणि गुंतवणूक म्हणून दहावा फ्लॅट घेणारा माणूस, सरकारच्या लेखी दोघं सारखेच. दोघांनाही मुद्रांक शुल्क ७ टक्के : मूळ ५, स्थानिक संस्था कर १, मेट्रो अधिभार १. मुंबईत ६. याला कुणी समानता म्हणेल. मी अन्याय म्हणते.

७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून हिशेब मांडू. पुण्यातला ६० लाखांचा तयार फ्लॅट घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एवढ्या घराला जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. कर्जाची मर्यादा ठरवताना हे दोन्ही खर्च घराच्या किमतीत धरले जात नाहीत. १० लाखांपर्यंतच्या घरांना तेवढी सूट आहे, पण पुण्यात तसं घर दाखवा! म्हणजे साडेसोळा लाख रोख हवेत. ईएमआय वीस वर्षं फेडता येतो, मुद्रांक शुल्क मात्र एकरकमी. आपल्या वयाच्या अनेकांचं घर हप्त्यावर नाही, या रोख रकमेवर अडतं.

आता दुसरी बाजू. वडिलांनी आपला राहता फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला, तर मूळ मुद्रांक शुल्क काहीशे रुपये. वर स्थानिक अधिभार. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाहीच. वारसा कर देशातून १९८५ साली गेला. कुटुंबातल्या घरावर बोजा नको, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या बापाकडे घर नव्हतं, त्यानेच लाखो रुपये का मोजायचे?

सवलती दिल्या जात नाहीत असं नाही. कोविडकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२०, शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं. मग मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी. ती सवलत पहिल्या घरालाही होती आणि दहाव्यालाही. हेतू बाजार हलवण्याचा होता, बेघराला घर देण्याचा नव्हता.

१ एप्रिल २०२१ पासून स्त्रियांना एक टक्का सूट आहे. ती राहिलीच पाहिजे. आपल्याकडे बाईच्या नावावर घर असणं अजून सहज घडत नाही. पण ती घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तरच. मी आणि माझा नवरा दोघं कमावतो, कर्ज दोघं फेडणार, घर दोघांच्या नावावर हवं. तसं केलं की सूट गेली. उलट पाच घरांची मालकीण सहावं घेताना तीच सूट घेऊ शकते. पहिल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर जादा आयकर वजावट देणारं ८०ईईए कलमही ३१ मार्च २०२२ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना लागू नाही.

दुसरीकडे हे जमतं. इंग्लंडमध्ये २०१७ पासून पहिलं घर घेणाऱ्याला ठरावीक किमतीपर्यंत हा कर माफ आहे, आणि जादा घर घेणाऱ्याकडून २०१६ पासून वाढीव दराने घेतला जातो. एका हाताने सोडलं, दुसऱ्या हाताने वसूल केलं.

यावर नेहमीचा आक्षेप : सवलत दिली की बिल्डर तेवढाच भाव वाढवतो. आक्षेपात दम आहे. म्हणूनच सरसकट सवलत नको. किमतीची आणि क्षेत्रफळाची मर्यादा घाला. घर काही वर्षांत विकलं तर सवलत परत घ्या. तिसऱ्या घरापासून दर वाढवा, म्हणजे गुंतवणूकदाराची बोली थोडी थंडावेल आणि तिजोरीही रिकामी होणार नाही. पहिलं घर ओळखायचं कसं, असंही विचारतील. दस्त ऑनलाइन नोंदवले जातात, आधार आणि पॅन घेतलं जातं. सोबत प्रतिज्ञापत्र घ्या, खोटं निघालं तर दंड लावा. भाडेकराराला आमचे अंगठे घेणाऱ्या यंत्रणेला एवढं अवघड जाऊ नये.

निवडणुकीत उमेदवार सोसायटीच्या गेटवर येतात. आपण भाडेकरू आतून बघत राहतो, कारण प्रश्न मालकांचे असतात असं आपणच धरून चाललोय. या वेळी खाली उतरा आणि एकच विचारा : पहिल्या घराचा दर वेगळा कधी करणार?