नकाशातली तुटक रेघ

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवता काकू म्हणाली, "बाबा, तू शिकलासवरलास. माझा ऊस रानातून बाहेर कसा काढायचा, तेवढं मला सांग."

काकूचे दीड एकर रान ओढ्यापलीकडे आहे. तिकडे जाणारी पाणंद मी लहानपणी पाहिलेली. दोन्ही बाजूंना निवडुंग, मधे गाडीच्या चाकोऱ्या. भरलेली बैलगाडी त्या वाटेने सहज जात असे. आता तिथे डोक्यावर भारा घेतलेली बाई कशीबशी जाईल एवढीच जागा उरली आहे. तिच्याही तोंडाशी शेजारच्या भाऊबंदाने बाभळीच्या काट्या ओढून ठेवल्या होत्या. त्याला विचारायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, इथं वाट होती, याला पुरावा काय?"

प्रश्न रोखठोक होता आणि उत्तर माझ्याजवळ नव्हते. मग पुराव्याच्या शोधात निघालो.

आपल्याकडे जमिनीचा कागद म्हटले की सातबारा आठवतो. मीही तोच काढला. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा होता, विहिरीतला हिस्सा होता. वाटेचा शब्द नव्हता. तलाठी म्हणाले, "सातबारा मालकाचा कागद. वाट कुणा एकाच्या मालकीची नसते, ती नकाशात शोधा." हे वाक्य मला त्या दिवाळीची सर्वांत मोठी शिकवण वाटते.

नकाशा मिळवायला तालुक्याच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली नव्हती. तिसऱ्या खेपेला एका वयस्क कारकुनाने मनावर घेतले आणि कागदांची उतरंड समजावून दिली. आजचा गट नंबर घ्यायचा. एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून त्या गटाचा जुना सर्व्हे नंबर शोधायचा, कारण १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव तुकडे जोडले गेले तेव्हा नंबर बदलले. मग त्या सर्व्हे नंबरचे टिपण, म्हणजे मोजणीदाराने शेतात उभे राहून काढलेला कच्चा आराखडा पाहायचा. शेवटी जुना गाव नकाशा आणि नवा गट नकाशा शेजारी शेजारी ठेवायचे. जुन्यावर असलेली रेघ नव्यावर नसेल, तर ती कोणत्या हुकमाने गेली ते विचारायचे.

या कागदांची परंपरा जुनी आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस फूट लांब-रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. वाटाही याच हिशेबातल्या. गाव नकाशात पायवाट तुटक एकेरी रेघेने दाखवतात, तिची रुंदी सव्वाआठ फूट. म्हणजे पाव साखळी. गाडीवाट तुटक दुहेरी रेघेने, ती साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी. आपण ज्या वाटेला 'अशीच पडलेली' म्हणतो, तिला माप होते.

आमच्या पाणंदीची रेघ दुहेरी होती. गावठाणातून निघून, ओढा ओलांडून थेट शिवेपर्यंत. नव्या नकाशातही ती तशीच होती. कुठला हुकूम नाही, कुठला फेरफार नाही. कागदावर वाट जिवंत होती. मेली होती ती जमिनीवर.

नकाशाची नक्कल आणि टेप घेऊन मी पाणंदीवर गेलो. साडेसोळा फुटांतले जेमतेम पाच उरले होते. मनात हिशेब तयार होता: साडेअकरा फूट त्या भाऊबंदाने खाल्ले. पण बांधाचे दगड शोधून मापे लावली, तेव्हा त्याच्या बाजूला साडेपाच फूट निघाले. उरलेले सहा पलीकडच्या बाजूला होते, आणि पलीकडचे रान आमचे होते.

आजोबा आणि वडील, दोघेही सरळ माणसे. कुणाच्या पैला हात लावला नाही. पण दर नांगरटीला एक तास बांधाकडे सरकायचे, याला कुणी चोरी समजत नव्हते. वाट कुणाचीच नाही म्हणून ती सर्वांनी थोडी थोडी घेतली. कायदा नेमके उलटे सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे, खाजगी मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या, म्हणजे पर्यायाने सर्वांच्या आहेत.

कायद्याची वाट आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. चालू वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुळात वाटच नसेल, तर संहितेच्या कलम १४३ खाली शेजाऱ्यांच्या बांधावरून रस्ता मागता येतो. विदर्भातल्या वाचकांनी आपल्या गावचे वाजिब-उल-अर्ज पाहावे. वहिवाटीच्या चालीरीती त्यात नोंदवलेल्या असतात. २०२५ च्या मे महिन्यात तर शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची सातबाऱ्यावर नोंद व्हावी, असा निर्णय शासनाने घेतला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण नोंद करताना जुना नकाशा उघडला नाही, तर आज उरलेली पाच फुटांची वाटच उद्याचा पुरावा ठरेल, ही भीती मला वाटते.

आम्ही आधी आमचा बांध सहा फूट मागे घेतला. त्यात वडिलांनी लावलेली दोन सीताफळे गेली. आई त्या दिवशी जेवली नाही. भाऊबंदाने काट्या काढल्या, बांध मात्र अजून हलवलेला नाही. काकूचा अर्ज तहसीलदारांपुढे आहे. तरी अकरा फूट मोकळे झाले आणि या हंगामात तिचा ऊस ट्रॅक्टरने बाहेर पडला.

शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे गावी एखाद्या तुकड्यात नाव असते. वाटणीपत्र करताना आपण झाडे मोजतो, विहिरीतले पाण्याचे दिवस वाटून घेतो. वाट मात्र 'आहेच की' म्हणून लिहायची राहते. या सुट्टीत गावी गेलात तर गाव नकाशाची एक नक्कल जरूर काढा. पण टेप लावताना सुरुवात आपल्या बांधापासून करा.