दादाच्या कमॅरोला हवाय दम!

डेट्रॉइटच्या माझ्या मावसभावाकडे १९६९ची शेव्हरोले कमॅरो आहे. बॉनेटखाली ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट. उन्हाळ्यात दादा रोज ऑफिसला तीच नेतो. तरी साहेबांना आणखी पॉवर हवीय! आणि डोळा कशावर? मोठ्या कॅमशाफ्टवर. सिग्नलला उभं असताना ते इंजिन जे अडखळत धडधडतं ना, त्यावर भलेभले फिदा होतात.

पण थांबा बॉस! मोठा कॅम वरच्या आरपीएमला जोर देतो आणि खालचा टॉर्क खातो. ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये लागतो नेमका खालचाच. शिवाय इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो आणि दादाचे पॉवर ब्रेक चालतात त्यावरच. म्हणजे पळायची हौस भारी, थांबायचे वांधे! वर मागचा गिअर रेशो बदला, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरही बदला. एका कॅमपायी केवढा हा संसार!

माझं मत? आधी पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक. मग टू-बॅरलऐवजी फोर-बॅरल कार्बोरेटर, त्याला साजेसा इनटेक मॅनिफोल्ड आणि हेडर्स. कॅम घ्यायचाच तर मध्यम.

सरळ नवं एलएस इंजिनही बसवता येतं. पण जुन्या इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळत असेल, तर कलेक्टर्स त्याचे जास्त पैसे मोजतात. दादाचा जुळतो. त्यामुळे ते इंजिन कुठेही जात नाहीये.

सध्या वहिनीने ब्रेकचं बजेट पास केलंय. कॅमची फाइल पेंडिंग!