सरासरीच्या आडोशाला हिंगोलीचे श्रम

औंढ्याचा नागनाथ आणि नर्सीचे नामदेव यांच्यामुळे उभ्या महाराष्ट्राला परिचित असलेला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला. स्वतंत्र कचेऱ्या आल्या, फलक लागले. परंतु येथील माणूस आठवड्याला किती तास राबतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या नियमित अहवालांत जिल्ह्याच्या नावाने सापडत नाही. देशाचा आणि राज्याचा आकडा मिळतो. त्यावरूनच मराठवाड्याच्या कष्टाळूपणाचा किंवा आळसाचा निवाडा करण्याची घाई केली जाते.

दुसरीकडे महानगरांतील वातानुकूलित दालनांतून उपदेशांचा वर्षाव होतो. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला 70 तास कामाचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे 90 तासांचे वक्तव्य गाजले. हिंगोलीच्या ऊसतोड मजुराला हे पाठ नकोत. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन तो बिऱ्हाडासह गाव सोडतो. पहाटे फडात कोयता चालू लागतो आणि मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरेपर्यंत रात्र होते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’! जेथे दोन जिवांचे श्रम वहीत एकच होतात, तेथे तासांची मोजदाद कोण ठेवणार? आणि मागे कुलूप लागलेल्या घरात जाऊन विचारणार तरी कोणाला?

जो गावात राहतो, त्याची कथा नेमकी उलट. सोयाबीनच्या काढणीत आणि 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीच्या शिजवणीत दिवस पुरत नाही. वैशाखात कोरडवाहू शिवारात हाताला काम उरत नाही. समजा, फडातील मजूर आठवड्याला 84 तास राबला आणि गावातल्या त्याच्या भावाला 12 तासांचे काम मिळाले. सरासरी आली 48, म्हणजे कायद्याला मान्य असलेला आदर्श आठवडा! एक भाऊ श्रमाने मोडला, दुसरा कामावाचून झुरला आणि कागदावर दोघेही सुखी झाले. त्यातच मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलेला माणूसही साप्ताहिक निकषानुसार ‘रोजगारी’ ठरतो. मग बेरोजगारी दिसावी कशी?

आणि गृहिणी? पाणी, सरपण, चूल आणि लेकरे यांत दिवस घालवणारी स्त्री या मोजणीत श्रमबलाबाहेर राहते. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे, तर पुरुष 88 मिनिटे खर्च करतात. आठवड्याला जवळजवळ 34 तासांचे हे श्रम ज्या आकड्यात नाहीत, त्याला प्रदेशाच्या कष्टाचा आरसा कसे म्हणावे?

तासांची मोजणी ही काही परकी कल्पना नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटी मागितली आणि 1890 मध्ये ती मिळवली. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. हे सारे भोंग्याच्या आवाजावर चालणाऱ्या कामगाराला लाभले. फडाला भोंगा नाही, शेताला हजेरीपट नाही. म्हणून तेथील तास मोजायचेच नाहीत, हा कोणता न्याय?

सरासरी निरुपयोगी आहे, असे नव्हे. ती एकटी अपुरी आहे. जानेवारी 2025 पासून श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुना निवडीत जिल्हा हा मूळ घटक मानला गेला आहे. आता पुढचे पाऊल टाकावे. जिल्ह्याचे तास हंगामवार प्रसिद्ध व्हावेत. स्त्री आणि पुरुष, गावात राहिलेले आणि स्थलांतरित यांची वेगळी नोंद व्हावी. प्रत्येक तासामागे किती मोबदला मिळाला, तेही सांगितले जावे. 48 तासांहून अधिक राबणारे किती आणि अधिक काम मागूनही न मिळालेले किती, हे कळल्याखेरीज हिंगोलीसाठी हळद प्रक्रियेचे, सिंचनाचे वा रोजगाराचे कोणतेही नियोजन अंधारातच होईल.

ज्या श्रमांवर साखरेची गोडी आणि हळदीचा रंग उभा आहे, त्यांचा हिशेब तरी प्रामाणिक असावा. दोन भावांच्या दुःखाची बेरीज करून तिला दोनाने भागल्याने दुःख निम्मे होत नाही!