खेळाडू नगरचा, प्रशिक्षक बाहेरचा

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीगचा करंडक पहिल्यांदाच पुण्याला आणला. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्याआधी पाचच महिने, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत इराणला अंतिम सामन्यात ३३-२९ असं नमवून भारतानं सुवर्णपदक मिळवलं, त्या संघातही तो होता. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या, कर्जत तालुक्यातल्या मिरजगावात संध्याकाळी मैदानावर उतरणाऱ्या पोराला अस्लमचं नाव आपलं वाटतं, आणि ते तसं वाटायलाच हवं.

आता त्याच विजयाची दुसरी बाजू पाहावी. त्या संघाचे प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे. पुढे २०२५ च्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, तेव्हा प्रशिक्षक होता अजय ठाकूर, हिमाचल प्रदेशचा आणि एकेकाळचा भारतीय कर्णधार. मुंबईच्या यू मुंबानं २०१५ मध्ये विजेतेपद मिळवलं ते तमिळनाडूच्या ई. भास्करन यांच्या मार्गदर्शनाखाली. या तिघांच्या गुणवत्तेबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. तिघेही खेळाडू म्हणून नाव कमावून प्रशिक्षक झालेले. प्रश्न महाराष्ट्राला विचारायचा आहे. ज्या राज्यात मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या कबड्डी जगवली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन जिचं प्रात्यक्षिक दाखवलं, बुवा साळवींसारख्या संघटकानं आयुष्य वेचून जिला नियमांच्या चौकटीत उभं केलं, त्या राज्यातून खेळाडू येत राहतात आणि प्रशिक्षक मात्र तुरळक का?

अपवाद आहेत. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघातले अशोक शिंदे पुढे पुणेरी पलटणचे प्रशिक्षक झाले. पण अपवादांवर परंपरा उभी राहत नाही.

उत्तरेकडे पाहिलं की फरक कळतो. मनप्रीत सिंग २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सचा विजेता कर्णधार होता. खेळणं थांबल्यावर तो गुजरातच्या संघाचा प्रशिक्षक झाला. लागोपाठ दोन हंगाम अंतिम फेरी गाठून संघ हरला. नंतर हरियाणा स्टीलर्सकडे आल्यावर पलटणविरुद्ध हैदराबादेत तिसऱ्यांदा तेच घडलं. अखेर २९ डिसेंबर २०२४ रोजी, पुण्याच्या बालेवाडीत, त्याच्या संघानं अंतिम सामन्यात पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. जोगिंदर नरवालची वाट अशीच. २०२२ मध्ये दबंग दिल्लीचा विजेता कर्णधार, २०२५ मध्ये त्याच दबंग दिल्लीचा विजेता प्रशिक्षक. या वेळी अंतिम सामन्यात हरलेला संघ पुण्याचा होता, ३१-२८ असा.

मनप्रीतच्या वाटचालीत एक गोष्ट ठळक आहे. तीन अंतिम सामने हरल्यावरही त्याला चौथी संधी मिळाली. प्रशिक्षक घडायला वेळ लागतो, पराभव पचवावे लागतात, आणि त्या काळात त्याचं घर चालावं लागतं. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही.

महाराष्ट्रात कबड्डीपटूचं गणित वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. शाळेत खेळला तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण. राज्य पातळीवर चमकला तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेलं पाच टक्के आरक्षण, किंवा रेल्वे, पोलीस, बँक, एखादी कंपनी. या सोयींनी कितीतरी गरीब घरं सावरली, त्यांचं मोल मोठं आहे. पण हे सारं खेळण्यासाठी आहे, शिकवण्यासाठी नाही. तिशी ओलांडली, गुडघा किंवा खांदा कुरकुरायला लागला की खेळाडू कार्यालयातल्या टेबलाशी जातो. तीस सेकंदांच्या चढाईत कोपरारक्षकाचं वजन कोणत्या पायावर आहे हे ओळखण्याची नजर, तीनच गडी उरले असताना अव्वल पकड कधी करायची याचा अंदाज, हे सगळं त्याच्यासोबत निवृत्त होतं. गावातली पोरं मात्र पुन्हा पहिल्यापासून, पडत-झडत शिकतात.

बक्षिसांच्या बाबतीतही हेच. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारतानं जिंकला. त्या संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे यांना, राज्य सरकारनं प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. ते योग्यच झालं. पण कोटीचं बक्षीस एकदा मिळतं. तालुक्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला दरमहा पगार लागतो.

आपल्याच प्रशिक्षकाला संधी दिली नाही की काय होतं, ते नाशिकच्या शैलजा जैन यांच्या कारकिर्दीनं दाखवलं. महाराष्ट्रात दीर्घकाळ मुलींना कबड्डी शिकवलेल्या या बाईंना भारताच्या महिला संघाचं प्रशिक्षकपद मिळालं नाही. इराणनं बोलावलं, त्या गेल्या. तिथली भाषा, तिथलं जेवण, सगळंच नवं. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराणी मुलींनी भारताला अंतिम सामन्यात २७-२४ असं हरवलं. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला बाहेर काढलं होतं. हरलेल्या भारतीय महिला संघात सायली केरीपाळे आणि सोनाली शिंगटे या महाराष्ट्राच्या मुली होत्या. मराठी मुली एका बाजूला आणि मराठी प्रशिक्षक दुसऱ्या बाजूला, असं चित्र त्या दिवशी जगानं पाहिलं.

पोटाचा हा प्रश्न दुसरीकडे कसा हाताळला गेला, तेही पाहावं. कबड्डीचा दूरचा भाऊ शोभेल असा एक खेळ इंग्लंड-ऑस्ट्रेलियात आहे, रग्बी लीग. तेरा-तेरा खेळाडू, अंगाला अंग भिडवणारी पकड, आणि सहा पकडींत चेंडू पुढे न्यायचा. हा खेळ मूळ रग्बीपासून वेगळा झाला १८९५ मध्ये, हडर्सफील्ड गावात, आणि भांडण होतं मजुरीवरून. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींत राबणारे खेळाडू सामन्यासाठी खाडा करत, तेव्हा बुडालेली मजुरी क्लबांनी भरून द्यावी, एवढीच मागणी होती. ती नाकारली गेली, म्हणून क्लब बाहेर पडले. कष्टकऱ्यांच्या खेळाला आधी पोटाचा प्रश्न सोडवावा लागतो, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी उमगलं होतं.

त्याच परंपरेत वेन बेनेट घडला. क्वीन्सलँडमधल्या अलोरा या छोट्या गावी १९५० मध्ये जन्मलेला, लहान वयात पोलिसांत दाखल झालेला, ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला. आपल्या पोलीस संघातल्या कबड्डीपटूची आठवण व्हावी अशीच ही सुरुवात. फरक पुढे पडला. खेळ संपल्यावर त्याला प्रशिक्षक म्हणून पूर्ण वेळ काम करता आलं. ब्रिस्बेन ब्रॉन्कोसला त्यानं सहा विजेतेपदं मिळवून दिली आणि २०१० मध्ये सेंट जॉर्ज इलावाराला सातवं. खेळाडू बेनेटपेक्षा प्रशिक्षक बेनेट आज कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडे काय करता येईल? अगदी नवं काही शोधायला नको. केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत माजी विजेत्या खेळाडूंकडे छोटी केंद्रं सोपवून मानधन देण्याची तरतूद आहे. ती जिल्ह्याच्या ठिकाणी थांबू नये, तालुक्यात आणि मिरजगावसारख्या मोठ्या बाजारगावांत यावी. राज्य सरकारनं पाच टक्के आरक्षणातून नोकरी दिलेल्या खेळाडूंची खेळण्याची वर्षं संपली की त्यांना प्रतिनियुक्तीवर तालुका क्रीडा संकुलात पाठवावं. पगार सरकार देतच आहे, तो मैदानावर कारणी लागेल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या प्रशिक्षण पदविकेसाठी ग्रामीण कबड्डीपटूंना पगारी रजा आणि शिष्यवृत्ती द्यावी, कारण चांगला खेळाडू आपोआप चांगला शिक्षक होत नाही. दुखापत कशी टाळायची, चौदा वर्षांच्या मुलाकडून किती व्यायाम करून घ्यायचा, हे शास्त्र शिकावं लागतं. आणि मुलींच्या संघांसाठी महिला प्रशिक्षक आधी नेमाव्यात. प्रशिक्षक बाई असेल तर गावातले आई-बाप मुलीला सरावाला निर्धास्तपणे पाठवतील.

मंडळांनाही आपला वाटा उचलावा लागेल. गावोगावच्या स्पर्धांत बक्षिसाच्या रकमा वाढत चालल्या आहेत. त्यातला ठरावीक हिस्सा प्रत्येक मंडळानं आपल्या प्रशिक्षकाच्या मानधनासाठी बाजूला काढावा. ग्रामपंचायतीनं मैदान आणि दिवे द्यावेत, शाळेनं मॅट ठेवायला खोली द्यावी.

कर्जत तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी आणि कबड्डी संघटनेनं पुढच्या हंगामाआधी एकत्र बसून एवढं एक ठरवावं: मिरजगाव आणि कर्जत इथे प्रत्येकी एक पूर्णवेळ, पगारी कबड्डी प्रशिक्षक, आणि तो याच जिल्ह्यात खेळलेला. कामाची सुरुवात इथूनच व्हायला हवी.