अंगणातली बोटही धोक्याची!

पावसाळ्यात जलक्रीडा बंद झाल्या की मालवण, तारकर्ली, अलिबाग परिसरातल्या स्पीडबोटी ट्रेलरसह घराच्या अंगणात येतात. पाण्यात लाइफ जॅकेटचा आग्रह धरणारे मालक इथे मात्र निर्धास्त होतात. हीच चूक महागात पडू शकते.

धोका कसा?
एका चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०० लिटर पाणी जमते. बोटीचा उघडा भाग ८ चौरस मीटर असेल, तर ८०० लिटर, म्हणजे ८०० किलोचा जादा भार! कोकणात एवढा पाऊस एका दिवसातही होतो. या भाराने ट्रेलरचे चाक भिजलेल्या मातीत रुतते आणि बोट कलंडू शकते.

काय करावे?
- बोटीचे पुढचे टोक थोडे उंच ठेवून मागचे बूच काढावे. बूच स्टिअरिंगलाच बांधावे, म्हणजे बोट पुन्हा पाण्यात उतरवताना विसरणार नाही.
- ताडपत्री मधोमध टेकू देऊन उतरती बांधावी.
- दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.
- ट्रेलरच्या मागच्या बाजूलाही भक्कम टेकू द्यावा. गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरवर मागून कोणी चढले, तर पुढचा दांडा उचलला जातो.

लपाछपीत मुले बोटीखाली शिरणारच. त्यांना नुसते दटावून भागत नाही. बोटीभोवती कुंपण हवे. अर्ध्या दिवसाचे हे काम पहिल्या पावसाआधीच उरकणे शहाणपणाचे.