निष्पत्ती कपाटात, विद्यार्थी वाऱ्यावर

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले. त्या मानांकनाने शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडते, हे याच तालुक्यातील वाणिज्य पदवीधराला स्वभाषेत एक पानभर लिहिता येते काय? हे कोणी तपासत नाही. ‘अध्ययन निष्पत्ती’चे तक्ते मात्र महाविद्यालयांच्या कपाटांत जय्यत तयार असतात!

१९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ने निष्पत्ती मागितली, यात वावगे काहीच नाही. आपण केले काय? ब्लूम या अमेरिकन पंडिताच्या १९५६ च्या वर्गीकरणातील क्रियापदे उचलून अभ्यासक्रमाला डकवली आणि घोकंपट्टीच्या परीक्षेतील गुणांची टक्केवारी काढून ‘निष्पत्ती साध्य’ असा शिक्का मारला. प्राध्यापकांना प्रशिक्षण मिळते तेही रकाने भरण्याचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नॅक’च्या तपासणी समितीतील सदस्यांनाच लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली, कागदालाच सर्वस्व मानले की दुसरे काय होणार?

वास्तविक साताऱ्याला हा विषय परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिक्षणाचे फळ विद्यार्थ्याच्या हातात दिसत असे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीने तर स्वाध्यायाबरोबर प्रवचनही सांगितले. शिकलेले दुसऱ्याला समजावता आले पाहिजे, ही तिची अपेक्षा.

एका विषयाच्या दोन प्राध्यापकांनी दहा उत्तरपत्रिका समोर ठेवून विद्यार्थी कोठे अडखळले ते शोधावे आणि पुढच्या सत्रातील अध्यापन त्यानुसार बदलावे. शिवाजी विद्यापीठाने यासाठी आठवड्याचा एक तास कार्यभारात धरावा. तो तासही तक्ते भरण्यात गेला, तर जाब प्राचार्यांना विचारावा.